वंशवृक्षाची मागची बाजू

सकाळी सातला ब्लेझ बहारीनमधल्या सनद भागातल्या व्हिलात शिरायचा, हात धुवायचा, औषधांच्या तक्त्यावर सही करायचा आणि म्हाताऱ्याच्या खोलीतला पडदा सरकवायचा. म्हातारा ऑस्ट्रियन होता, एक्क्याण्णव वर्षांचा. सत्तरच्या दशकात इंजिनिअर म्हणून बहारीनला आला आणि इथेच राहिला. नोव्हेंबरच्या चार तारखेला ब्लेझने त्याला आपलं नाव सांगितलं. वसईचा, नर्स म्हणून हॉस्पिटलच्या वॉर्डात आठ वर्षं काढलेली, हेही सांगितलं. म्हाताऱ्याने सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "योहान, पडदा."

योहान हे नाव ब्लेझला परकं नव्हतं. गावच्या चर्चमध्ये लहानपणापासून ऐकलेलं. पण ते त्याचं नव्हतं, आणि तो रोज तसं सांगायचा. आधी त्याला वाटलं, वय झालंय, विसरत असेल. पण कसला विसरतोय! सोळा गोळ्यांची नावं म्हाताऱ्याला पाठ होती. शेवटी एके दिवशी त्यानेच शांतपणे खुलासा केला. त्यांच्या घराण्यात मालकाच्या खुर्चीमागे उभा राहणारा माणूस योहानच असतो. तशी रीतच आहे.

ब्लेझच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जेनिस, त्याची बायको, वसईला सातव्या महिन्यात होती. मुलगा झाला तर नाव ठरलेलं होतं. पहिल्या मुलाला आजोबांचं नाव, ही ब्लेझच्या घरची रीत. ब्लेझचे वडील पीटर गेल्या पावसाळ्यात गेले, आणि त्यांच्या नावाने कुणालातरी हाक मारायची म्हणून ग्रेसीबाई, त्याची आई, दिवस मोजत होत्या. रीत काय फक्त यांचीच असते?

दुपारी जेवणानंतर घराण्याच्या इतिहासाचं काम चाले. जुने कागद स्कॅन करायचे आणि म्हातारा सांगेल ते टाइप करायचं. हे फॉन हाल्टेनएक लोक मूळचे घोड्यांना दाणा पुरवणारे. व्हिएन्नाला तुर्कांचा वेढा पडला, तेव्हा त्यांच्या दाण्याचं चीज झालं आणि ते 'रिटर' झाले, म्हणजे सरदार. मग 'फ्रायहेर', म्हणजे बॅरन, मुकुटावर सात मोती. मग 'ग्राफ', म्हणजे काउंट, नऊ मोती. प्रत्येक पदवी थोरल्या मुलाकडे, त्याच्या थोरल्याकडे. आणि १९१९ साली कायदा झाला, पदव्या रद्द. पासपोर्टात आडनावाआधीचं, सरदारकी सांगणारं साधं 'फॉन'सुद्धा उरलं नाही. आपलं नाव चोरलं, म्हातारा म्हणायचा.

"आणि तुम्ही माझं काय केलंत?" ब्लेझने एकदा तोंडावर विचारलं.

"लिहीत राहा, योहान," म्हातारा म्हणाला.

फोटोंत पुढे खुर्चीत तो तो ग्राफ आणि मागे नोकर, डावा हात खुर्चीच्या पाठीवर ठेवून उभा. चेहरे वेगवेगळे, रंगही वेगवेगळे. शेवटचे काही फोटो तर याच दिवाणखान्यातले. खाली मालकाचं नाव तीन ओळींचं, सगळ्या पदव्यांसकट. नोकराचं एका शब्दाचं.

स्वयंपाकी नजीब इथे वीस वर्षं होता. ब्लेझने त्याला विचारलं, माझ्याआधी इथे कोण होता?

"श्रीलंका का था, भाई. तीन साल साथ में खाना खाया।" नजीबने पोळी उलटली आणि तव्याकडे बघत राहिला. "नाम उसका... योहान ही था।"

"असली नाम?"

नजीबने बराच वेळ आठवून पाहिलं. मग गॅस बारीक केला आणि दुसरंच काही बोलू लागला.

जानेवारीच्या शेवटी वंशवृक्ष स्कॅन करायचा होता. कातड्याचा जाड कागद, टेबलभर पसरणारा. पुढच्या बाजूला फांद्या, ढाली, मुकुट. ब्लेझने तो उलटला. मागे फांद्या नव्हत्या. एकाखाली एक नुसतं 'योहान' आणि पुढे एकेक तारीख. पहिली १६९१ची. अक्षर वरपासून खालपर्यंत एकाच हाताचं होतं. म्हाताऱ्याच्या हातात तर चमचाही ठरत नसे.

खालून दुसरी तारीख ४ नोव्हेंबर होती, तो कामावर रुजू झाला तो दिवस. तिच्याखाली आणखी एक योहान, ११ फेब्रुवारी. तीही शाई वाळून तपकिरी झालेली.

अच्छा, म्हणजे दुसरा माणूस ठरलाय तर! दुसरा मिळेपर्यंत रजा नाही, असं म्हाताऱ्याची व्हिएन्नाची भाची चार वेळा ईमेलवर कळवून बसली होती, आणि इकडे तारीखसुद्धा पक्की! ब्लेझ मनातल्या मनात चरफडला. पण बरंही वाटलं. महिनाअखेरीला जेनिसची तारीख होती. अकराला सुटलो तर वेळेत पोचेन.

अकरा फेब्रुवारीला व्हिलाच्या फाटकाशी कुणीच आलं नाही. दुपारी वसईहून फोन आला. दोन आठवडे आधीच, मुलगा झाला होता.

ब्लेझ फोन ठेवून थेट अभ्यासिकेत गेला. बॉलपेनने त्याने ती शेवटची ओळ खोडली, कातडं फाटेस्तोवर खोडली. वरच्या ओळीवर काट मारून 'ब्लेझ' लिहिलं. म्हातारा दारातून, चाकाच्या खुर्चीतून बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर किंचित कौतुक होतं, आणि त्याचाच ब्लेझला जास्त राग आला.

पुढच्या मंगळवारी औषधांचा तक्ता भरताना त्याला दिसलं, सोमवारच्या आठच्या गोळीपुढे सही होती, 'योहान'. रविवारीही तीच. अक्षर त्याचंच होतं.

त्याने राजीनामा लिहिला. तीस दिवसांची नोटीस. बाप्तिस्मा त्याआधीच येत होता.

रविवारी सकाळी नऊला, वसईत साडेअकरा, तो स्वयंपाकघरात फोन टेकवून व्हिडिओ कॉलवर बसला. पांढऱ्या झबल्यातला मुलगा, जेनिस, शेजारी आई. फादरने बाळाचं नाव विचारलं.

"योहान," जेनिस म्हणाली. आईही तिच्याबरोबर म्हणाली.

"जेनिस, थांब! पीटर! पीटर ठरलं होतं!"

जेनिसने फोन कानाशी नेला. "अरे, तूच तर गुरुवारी मेसेज केलास," ती कुजबुजली. "मम्मी रडल्या. पण म्हणाल्या, बापाची इच्छा आहे तर असू दे. तू ठीक आहेस ना?"

त्याच्या तोंडात शिव्या आल्या. चर्चमध्ये त्या ऐकू जाऊ नयेत म्हणून त्याने माईक बंद केला आणि चॅट उघडलं. गुरुवार, सकाळी सात वाजून दोन मिनिटं. त्याचाच मेसेज.

'नाव योहान ठेवा. आपली रीत आहे.'

तिकडे पाणी ओतलं गेलं. बाळ कळवळून रडू लागलं.

वरच्या मजल्यावर म्हाताऱ्याची घंटी वाजली.

जाणार नाही, ब्लेझ स्वतःशी म्हणाला. त्याने टेबलाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली. मर तिथेच.

घंटी पुन्हा वाजली. ब्लेझ जागचा हलला नाही.

फोनचा माईक अजून बंदच होता. पडद्यावरचं बाळ रडायचं एकदम थांबलं आणि त्याने घंटीच्या आवाजाच्या दिशेने मान वळवली.