मागच्या सीटचं वजन

देशपांडे नगरातल्या त्या दुमजली घराच्या अंगणात रविवारी सकाळी एक गंमत बघायला मिळायची. श्रीहरी पायरीवर बसून पेपर वाचायचा आणि त्याची बायको उत्तरा जुना ड्रेस घालून त्याच्या मोटरसायकलची चेन धुवायची. सरांनी लग्नात बायकोबरोबर मेकॅनिकही पटकावली, असं खालच्या मजल्यावरच्या पार्वतीअक्का दर रविवारी म्हणायच्या आणि दर रविवारी नव्यानं हसायच्या.

उत्तराला त्याचं काही वाटत नसे. जुन्या हुबळीत तिच्या अप्पांचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान होतं आणि दुकानासमोरच दुरुस्तीही चालायची. शाळेतून आली की दप्तर काउंटरखाली टाकायचं आणि ग्रीसच्या वासात बसून गृहपाठ करायचा, असं तिचं बालपण गेलं होतं. श्रीहरीचं अगदी उलट. तो कलघटगीच्या एका कॉलेजात इतिहास शिकवायचा, रोज मोटरसायकलनं जाऊन येऊन असायचा, आणि गाडीतलं त्याला पेट्रोल संपलेलं तेवढं कळायचं.

दिवाळीची सुट्टी संपून कॉलेज सुरू झालं त्याच आठवड्यात एका संध्याकाळी उत्तराला स्वयंपाकघरात तो आवाज ऐकू आला. गाडी अजून कोपऱ्यावर होती, पण चेन काहीतरी वेगळं बोलत होती. मोकळी चेन कव्हरवर आपटून खडखडते. कोरडी असली तर चिवचिवते. चेनच्या चक्राचे दात झिजले असले तर ठरावीक अंतरानं कट्ट वाजते. ही त्यातलं काहीच करत नव्हती. ही कण्हत होती, जड पोतं उचललेला माणूस दातांमागून कण्हतो तशी.

रविवारी तिनं गाडी मधल्या स्टँडवर घेतली. चेन रॉकेलनं धुतली, पुसली, तेल सोडलं. बोटानं वरखाली करून ताण बघितला, बरोबर होता. दात नवेकोरे, चाक सरळ. स्वतः चौकापर्यंत एक फेरी मारून आली. चेन मांजरासारखी मुकाट. आणि सोमवारी संध्याकाळी श्रीहरी कोपऱ्यावर आला तो पुन्हा कण्हतच.

तिनं अप्पांना फोन लावला. सगळं ऐकून घेऊन अप्पांनी उलट तिलाच विचारलं, चेन ताणताना सिंगल का डबल हे बघितलंस का? त्यांच्या दुकानाचा तो नियमच होता. गिऱ्हाईक एकटं फिरतं की मागं कुणी बसतं हे विचारल्याशिवाय ते पान्याला हात लावत नसत. मागं वजन आलं की गाडी बसते, चाक मागं रेटलं जातं आणि एकट्यासाठी नीट बसवलेली चेन तारेसारखी ताणली जाते. मग ती कण्हणारच.

"श्रीहरी कुणाला तरी डबलसीट आणतात बघ की," अप्पा हसत म्हणाले. "विचार त्यांना."

अप्पा हसून मोकळे झाले. उत्तराला मात्र ते हसणं दिवसभर पुरलं. खरं सांगायचं तर हे तिला पहिल्या संध्याकाळीच कळलं होतं. दुकानात वाढलेल्या पोरीला एवढं कळत नसेल तर काय उपयोग? तिनं ते फक्त मनाच्या मागच्या खोलीत नेऊन ठेवलं होतं.

एकदा संशयाला दार उघडलं की तो पाटावर बसून जेवूनच उठतो. आता तिला गाडीवर भलतंच दिसायला लागलं. मागच्या सीटचा डावा फुटरेस्ट उघडा होता. फक्त डावा. एका बाजूला पाय टाकून बसणाऱ्या बाईला एकच लागतो. तिनं तो पायानं बंद केला, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा उघडा. मग आरसे. दोन्ही आरसे इतके बाहेर वळवलेले की चालवणाऱ्याला रस्त्याकडेची शेतं दिसावीत. मागचं काहीच नाही. ते तसे का केलेत हे तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं. श्रीहरी म्हणाला, वाऱ्यानं फिरले असतील.

आणि सीट. तो वर गेला की ती काहीतरी निमित्त काढून खाली जायची आणि मागच्या भागावर तळहात ठेवायची. गरम असायची. बसल्यावर होते तेवढी.

तिला राग आला, आणि रागापेक्षा जास्त लाज वाटली. लग्नाला फार वर्षं झाली नव्हती. हा माणूस खोटं बोलू शकतो हेच तिला नवीन होतं. हल्ली तो गप्प असायचा, पानात अर्धी भाकरी तशीच ठेवायचा, हाक मारली की दचकायचा. सगळी लक्षणं कुणीतरी लिहून दिल्यासारखी जुळत होती. एकदा त्यानंच विचारलं, हल्ली गाडी बघत नाहीस ती? एक नट अर्धा फेरा सैल केला असता तर आवाज तिथल्या तिथं थांबला असता. पण परक्या बाईच्या सोयीनं चेन सैल करून द्यायची? तेवढा मोठेपणा उत्तराकडे नव्हता. गाडी चांगली आहे की, एवढंच ती म्हणाली.

शनिवारी कॉलेज दुपारी सुटतं. उत्तरानं आपली स्कूटर काढली, ओढणी तोंडाला गुंडाळली, वर हेल्मेट घातलं आणि कलघटगीकडे जाणाऱ्या कारवार रोडला लागली. अंचटगेरी गाव मागं पडलं. रस्त्याकडेला मक्याची कणसं वाळत टाकलेली होती, उसाचे ट्रॅक्टर सावकाश चालले होते. मिश्रीकोटी क्रॉसच्या पुढं एका तळ्याच्या बांधावरून रस्ता जातो. बांध सुरू होतो तिथं, हुबळीच्या बाजूला, एक टपरी आहे. तिनं चहा सांगितला आणि कलघटगीच्या बाजूला तोंड करून बसली. ती बाई कॉलेजातली असेल तर गाडीवर बसूनच येईल. वाटेतली असेल तर कुठंतरी वाट बघत उभी असेल. दोन्हींपैकी एक दिसल्याशिवाय परतायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं.

लख्ख ऊन होतं. तळ्यात म्हशी डुंबत होत्या. बांधावर चिटपाखरू नव्हतं.

श्रीहरी दिसला. एकटा होता. चेन मुकाट होती, गाडी बांधावर आली तरी कण्हणं ऐकू येत नव्हतं. उत्तराच्या छातीवरचं ओझं उतरलं, आणि या माणसावर आपण काय काय आळ घेतले या विचारानं तिचे डोळे भरून आले.

बांधाच्या मधोमध त्यानं गाडी थांबवली.

तिथं काही नव्हतं. झाड नाही, थांबा नाही, माणूस नाही. श्रीहरीनं दोन्ही पाय जमिनीला टेकले. मागं न बघता डाव्या टाचेनं फुटरेस्ट खाली पाडला. मग सीटवर थोडा पुढं सरकला, मागच्याला जागा करून देतो तसा. आणि समोर बघत थांबून राहिला.

गाडीचा मागचा भाग सावकाश खाली बसला.

श्रीहरीनं गिअर टाकला. चेन कण्हायला लागली. तो टपरीसमोरून गेला तेव्हा त्याचे ओठ घट्ट मिटलेले होते आणि त्याच्या मागं कुणी नव्हतं.

टपरीवाल्याकडे तिनं बघितलं. तो भजी तळत होता.

स्कूटर कशी सुरू केली हे तिला आठवत नाही. ती अंतर ठेवून त्याच्या मागं निघाली. रिकाम्या सीटच्या रेक्झिनला मधोमध खळगा पडला होता. खड्डा आला की गाडीचं मागचं अंग टेकेपर्यंत दबत होतं. उत्तरा एकच गोष्ट बघत होती: हे उतरतं कुठं? अंचटगेरीला उतरलं नाही. हुबळीची घरं लागली, गर्दी लागली, तरी खळगा तसाच.

देशपांडे नगर जवळ आलं तेव्हा तिच्या ते लक्षात आलं. आवाज रोज फाटकापर्यंत येतो. मधे कुठं थांबलेला तिनं एकदाही ऐकला नव्हता.

तिनं स्कूटर गल्लीत घातली आणि त्याच्या आधी घर गाठलं.

वर येऊन ती दाराआड उभी राहिली. खाली कण्हणं आलं आणि फाटकाशी थांबलं. थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग जिन्यावर श्रीहरीची पावलं. त्यानं बेल वाजवायच्या आत तिनं दार उघडलं.

तिच्या कपाळावर हेल्मेटचा वळ होता, कपड्यांवर रस्त्याची धूळ. ते बघून तो समजायचं ते समजला.

"कोण आहे?" उत्तरानं विचारलं.

"माहीत नाही." त्याचा आवाज दमलेला होता. "एकदा बांधावर गाडी बंद पडली. चालू झाली तेव्हा मागं वजन होतं. दुसऱ्या दिवशी मी थांबलोच नाही, तर मागं पळत आलं. पायांचा आवाज येत होता. हुबळीपर्यंत. तेव्हापासून थांबतो."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

श्रीहरीनं तिच्याकडे बघितलं. पहिल्यांदाच तो गोंधळलेला दिसला.

"मला वाटलं तुला दिसतं."

"मला?"

"मी आत आलो की तू लगेच दार लावत नाहीस. बाजूला सरतेस, वाट देतेस. मग लावतेस. रोज." तो तिच्या बाजूनं आत गेला आणि खुर्चीवर बसून बूट काढायला लागला. "मला वाटलं, तू सांभाळून घेतेस म्हणून काही बोलत नाहीस."

असं काही नाही, हे उत्तराला त्याला ठणकावून सांगायचं होतं. तिनं तोंडही उघडलं. पण ती भिंतीला पाठ लावून, अंग चोरून उभी होती आणि दार तिनं एका हातानं पूर्ण उघडं धरून ठेवलं होतं.