खांद्यावरून मागे दिलेली काच

ही गोष्ट खरी आहे. पटली नाही तर सोडून द्या, मला काही फरक पडत नाही.

साल १९७८. यात अमावस्या नाही, उलटी पावलं नाहीत, किंकाळ्या नाहीत. असल्या भुतांचा मला मनस्वी कंटाळा आहे.

भर दुपार होती. टेकडीवरच्या वेधशाळेतली मोजणीची खोली.

रात्री दुर्बिणीवरची माणसं एकेका ताऱ्याचा प्रकाश काचेच्या पट्टीवर रेघांमध्ये टिपायची. दिवसा आम्ही त्या रेघा सूक्ष्मदर्शकाखाली, स्क्रू फिरवून मोजायचो. रेघा सरकल्या म्हणजे तारा हलतोय.

आम्ही म्हणजे मी आणि माझ्या थोरल्या वन्सं. लग्न न केलेल्या, शांत, हट्टी. मला या कामाला त्यांनीच लावलं.

खोलीचा नियम कडक होता. दोघींनी पाठीला पाठ करून बसायचं. पहिलीचं मोजून झालं की तिने न वळता पट्टी खांद्यावरून मागे द्यायची. मागचा स्क्रू वाजतोय तोवर वळायचं नाही. एकीचा आकडा दुसरीला कळला की डोळा तोच शोधत बसतो. दोघींची मापं जुळली तरच तारा मान्य.

वन्संचा स्क्रू मी झोपेतही ओळखला असता. कट्, कट्... थांबून, कट्.

त्यांना एक तारा सापडला होता. साधा, पिवळा. कोणाच्या तरी भोवती फिरावा तसा झुलणारा. पण तिथे कोणीच नव्हतं.

वन्सं म्हणायच्या, ते कृष्णविवर आहे. आजूबाजूचं गिळणारी कृष्णविवरं गाजावाजा करतात, म्हणून सापडतात. हे उपाशी आहे, गप्प बसलंय.

आमच्या साहेबांना आम्ही ‘सर्वज्ञ’ म्हणायचो. आयुष्यात एक रेघ मोजली नव्हती, पण प्रत्येक शोधनिबंधावर नाव यांचंच पहिलं. बुटांना पॉलिश मात्र उत्तम.

सर्वज्ञ सगळ्यांसमोर हसून म्हणाले, "लग्न झालं नाही की बाईला असे न दिसणारे जोडीदार दिसायला लागतात."

चार पुरुष हसले. पगारी हसू.

वन्सं शांतपणे म्हणाल्या, "सर, तो दिसत नाही, असंच मी म्हणतेय. तारा उगाच झुलत नाही."

शेवटी ठरलं. आणखी एक पट्टी. तारा वन्संनी सांगितला तसा परत फिरला तर राहील. नाहीतर यादीतून कायमचा बाद.

पट्टी यायच्या आधीच वन्सं गेल्या. ताप डोक्यात गेला. शुद्ध होती तोवर एवढंच विचारत होत्या, "आली का गं पट्टी?"

त्या गेल्यावर आली.

सर्वज्ञांनी निरोप धाडला. दुसरी मापणारी नाही, तेव्हा तारा बाद. त्यांना हायसं वाटलं असणार.

मी तरीही मोजायला बसले. मागे रिकामी खुर्ची. तिच्यासमोरच्या सूक्ष्मदर्शकावर वन्संनीच घातलेलं फडकं.

माझं मोजून झालं. तारा परत फिरला होता... अगदी त्या म्हणाल्या तसा.

सवयीने मी पट्टी खांद्यावरून मागे धरली.

आणि...

ती माझ्या बोटांतून कोणीतरी घेतली.

ओढली नाही. रोज घ्यायच्या तशी, अलगद.

मागून आवाज आला. कट्, कट्... थांबून, कट्.

मी वळले नाही. धीट होते म्हणून नव्हे. स्क्रू वाजत होता, म्हणून.

मग आवाज थांबला. पट्टी माझ्या खांद्याला टेकली. मी घेतली आणि वळले.

खुर्ची रिकामी होती. फडकं चौकोनी घडी करून बाजूला ठेवलेलं... आणि स्क्रूवर आकडा. माझ्या आकड्याशी जुळणारा.

मी सर्वज्ञांना बोलावून आणलं. ते म्हणाले, दोन्ही मापं तुमचीच, बाई. मग स्वतः वन्संच्या खुर्चीत पसरून बसले.

"वळा तिकडे. द्या पट्टी. बघू तुमचं भूत."

मी पाठ फिरवली. पट्टी मागे धरली. ती घेतली गेली.

मला वाटलं, यांनीच घेतली.

कट्, कट्...

"बाई," सर्वज्ञांचा आवाज एकदम बारीक झाला होता. "माझे दोन्ही हात मांडीवर आहेत."

थांबून... कट्.

मी वळले नाही. नियम होता. खरं सांगायचं तर त्यांचा चेहरा बघायची मला घाईही नव्हती.

आवाज थांबल्यावर पाहिलं. ते खुर्चीत एका अंगाला कलले होते, कोणी बाही धरून ठेवावी तसे. तसेच उठून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी तारा मान्य झाला. ‘दुसरे मापन’ या शब्दांपुढे सर्वज्ञांनी स्वतःचं नाव घातलं होतं. एवढं होऊनही!

वन्संचं नाव कुठेच नव्हतं. आजही नाही. पुढे मोठ्या दुर्बिणींनी सांगितलं, तिथे खरंच काहीतरी आहे. जड, काळं, गप्प.

चौघांपैकी दोघे पुढे साहेब झाले. हसायचं कसब कामी आलं.

सर्वज्ञ निवृत्त झाले, मानपत्रं मिळाली. त्यांची बायको एकदा बाजारात भेटली. म्हणाली, "ह्यांचं काही समजत नाही हो. थोडे दिवस डावीकडे कलून चालतात, थोडे दिवस उजवीकडे. डॉक्टरांना काही सापडत नाही."

मी विचारलं, किती दिवसांनी बाजू बदलते?

तिने सांगितलं.

त्या ताऱ्याचा फेरा मला तोंडपाठ होता. मी भाजीची पिशवी उचलली आणि घरी आले.

काही वर्षांनी सर्वज्ञ तसेच झुलत झुलत गेले.

मी आता एकटीच असते. दुपारी खिडकीशी बसते तेव्हा कधीकधी पाठीमागे आवाज येतो. कट्, कट्...

वन्संनी माझं कधी वाईट केलं नाही. तरीही मान ताठ होते.

मी वळत नाही. अजून मोजून झालेलं नसतं.