भिंतीपलीकडची वाटी

यातलं एकही वाक्य मी वाढवलेलं नाही. कांता माझी सख्खी मावशी. तिने सांगितलं तेवढंच लिहितो आहे.

भिलाईजवळचं चरोदा. रेल्वे कॉलनी. सोमवार, १२ एप्रिल २०२१.

लॉकडाऊन होता. रस्त्यावर कुत्रंही दिसत नव्हतं.

मावशीच्या आणि रंभाबाईच्या क्वार्टरमध्ये एकच भिंत. वीस वर्षांची दोघींची रीत होती. स्टीलच्या वाटीने भिंतीवर एक ठोका, म्हणजे चहा झाला. तीन ठोके, म्हणजे हातातलं टाकून ये.

रंभाबाई एकटी राहायची. शुगरची पेशंट. दोन दिवस ताप होता, रिपोर्ट यायचा होता. तेवढ्यावर कॉलनी हादरली.

त्या सकाळी सात जण मावशीच्या बारक्या खोलीत दाटीवाटीने बसले. मास्क हनुवटीवर. चहा झाला. कॉलनीतले बाबाराव सारखे खोकत होते.

"धुळीचा खोकला हाय," ते म्हणाले. "बाई बाहेर निघाली तं सारी कॉलनी मरते. कडी घाला बाहेरून. डबा खिडकीत ठेवू."

कडी मावशीच्या नवऱ्याने, कृष्णरावांनी घातली.

आणि दुपारी दोन वाजता...

टण्. टण्. टण्.

मावशी ताडकन उठली. कृष्णराव दारात आडवे आले.

"मरायचं हाय का तुले?"

"अहो, तिनं बोलावलं नं मले!"

"रिपोर्ट येऊ दे. मंग जा."

मावशी बसली.

मंगळवारी दोन वाजता... तीन ठोके.

बुधवारीही.

खिडकीतले डबे मात्र तसेच.

"जेवत कावून नाही ते?"

"ठोकून राहिली नं? म्हंजे बरी हाय," कृष्णराव म्हणाले. "तोंडाले चव नसन."

मावशीला धीर आला. भिंतीला तोंड लावून ती हसलीसुद्धा. "दम धर वं रंभे, हात दुखन तुहा!"

पलीकडून काहीच नाही...

गुरुवारी दोनला ठोके पडले. तीनला रिपोर्ट आला.

निगेटिव्ह.

मावशीने धावत जाऊन कडी काढली.

रंभाबाई भिंतीला टेकून बसलेली होती. मांडीवर वाटी.

वास कालपासूनच येत होता. सगळ्यांना तो विटलेल्या डब्यांचा वाटला होता.

डॉक्टर म्हणाले, शुगर एकदम उतरली असावी. वेळेवर वाटीभर साखरपाणी मिळतं तर वाचल्या असत्या. सोमवारीच गेल्या त्या.

"सोमवारी?" मावशीने पुन्हा पुन्हा विचारलं.

खोलीत बसलेल्या सातांपैकी चौघे पॉझिटिव्ह निघाले. तिसऱ्या आठवड्यात बाबाराव गेले. त्यांच्या दाराला कुणी कडी घातली नव्हती.

आता मावशी भिलाईतच, खुर्सीपारला मुलाकडे राहते. दुसरा मजला. तिच्या खोलीच्या भिंतीपलीकडे नुसती हवा.

तरी एखाद्या दुपारी दोनला... तीन ठोके.

ती उठते, दार उघडते. "आली वं, आली." जिन्यात कोणी नसतं. ठोके थांबतात.

गेल्या मार्चमध्ये तिला ताप होता. ठोके ऐकू आले. उठवेना.

"येतो वं, जराशानं," म्हणून पडून राहिली.

पाऊण तासाने उठली. दार ओढलं...

बाहेरून कडी.

मुलगा ड्यूटीवर, सून माहेरी, कृष्णराव बाहेरगावी. कडी कुणी घातली, आजवर कळलेलं नाही.

मावशीने ओट्यावरची वाटी उचलली.

संध्याकाळी मुलाने दार उघडलं, तेव्हाही ती भिंतीवर ठोकतच होती.

हल्ली ती दुपारी झोपत नाही. दोन वाजायच्या आत दार सताड उघडून उंबऱ्यावर बसते.

ताप असला तरी.