दोन सह्या

त्या दिवशी मला दुसरं काही नको होतं, फक्त वेळेवर घरी जायचं होतं. सकाळची पाळी दोनला सुटते. पण बॉयलरवरचा नियम असा, की पुढचा माणूस आल्याशिवाय जागेवरून हलायचं नाही. माझ्या पुढचा माणूस म्हणजे उद्याशेठ. 'उद्या नक्की लवकर येतो' हे त्याचं रोजचं पालुपद, म्हणून हे नाव. तो आला नाही की त्याची पाळी माझ्या गळ्यात पडायची. त्या आठवड्यात तसं चारदा झालं होतं. घरी डोळा लागला तरी कानात पंपाची घरघर चालूच असायची.

सकाळी निघताना बायको शांतपणे म्हणाली होती, "चारपर्यंत आलात तर ठीक. नाहीतर पोरीला घेऊन मी माहेरी जाते. तिनं बाप फक्त झोपलेला पाहिलाय." भरलेली बॅग दाराशीच ठेवली होती.

दोन वाजले. उद्याशेठला फोन लावला, तर म्हणे फाटकाशी पोचलोय. आता आमच्यात एक वाईट खोड आहे, सगळेच करतात. येणाऱ्याच्या नावानं सही आपणच ठोकायची आणि सटकायचं. मीही रजिस्टर ओढलं. ताबा दिला, सही. ताबा घेतला, सही. पायऱ्या उतरून कारखान्याच्या आवारात आलो आणि लक्षात आलं. घाईत दोन्हीकडे मी माझंच नाव लिहिलं होतं.

खाडाखोड करायला परत वर गेलो, तर बॉयलरचं पाणी उतरायला लागलेलं. मग कसला हलतोय! तीन वाजले, चार वाजले. गरम तेलाच्या वासानं डोकं भणभणत होतं, आणि मला रडू येत होतं, खोटं कशाला बोलू.

पाचला उद्याशेठ आला. मला पाहून दारातच थबकला.

"तुम्ही... इथे?"

"मग कुठे असणार?"

"अहो, दोनला फाटकात भेटलात ना मला. म्हणालात, वर माणूस आहे, सावकाश जा... म्हणून तर मी चहाला थांबलो."

मी घराकडे पळत सुटलो.

दाराशी बॅग नव्हती. गेल्या दोघी, असं वाटलं. तेवढ्यात आतून पोरीचं हसणं ऐकू आलं. बायकोनं दार थोडंसंच उघडलं. तिच्या खांद्यावरून आतली खोली दिसत होती. रात्रपाळीनंतरच्या माझ्या दिवसाच्या झोपेसाठी लावलेला जाड पडदा बाजूला सारला होता, आणि उन्हात निळ्या गणवेशातला एक माणूस माझ्याकडे पाठ करून बसला होता. पोर त्याच्या मांडीवर होती. तेलाचा तोच वास आला.

"कोण आहे तो?" मी कुजबुजलो.

"माहीत नाही..." तिचा आवाज कापत होता. "अडीचला आले. बॅग उघडली, कपडे परत कपाटात लावले... तेव्हापासून खेळतायत तिच्याशी."

"अगं, मी इथे आहे."

"दिसतंय मला." तिचे डोळे भरून आले. "पण तो घरी आलाय हो..."

तिनं दार हळूच लोटलं. आतून कडी लागली. मग आत कोणीतरी माझ्याच आवाजात विचारलं, "कोण आहे गं?"

"कामावरून बोलावणं होतं," बायको म्हणाली. "सांगितलं, येणार नाहीत म्हणून."