खडकावरचे कपडे

"पोहायला गेला आणि बुडाला, असं सगळे म्हणतात," घरमालकीण डिटेक्टिव्ह बाईंना म्हणाली. कडेवरचं बाळ तिची वेणी ओढत होतं. तिला ते जाणवतही नसावं. "त्याने जीव दिला असेल तर तेवढं सांगा. मुलाला पुढे काय सांगायचं, ते मला ठरवायचंय."

कड्याजवळचं हे घर नवरा, बायको आणि नणंद मिळून चालवायचे. पाहुण्यांना मुक्काम, सकाळचा नाश्ता आणि नवऱ्यासोबत किनाऱ्याची भटकंती. काल पहाटे तो नाहीसा झाला. खाली होड्या अजून शोधत होत्या.

खडकावर सापडलेले कपडे तसेच टेबलावर होते. सदरा, पँट, स्वेटर. प्रत्येकाच्या तीन घड्या, कड आत दुमडलेली. डिटेक्टिव्ह बाईंनी स्वेटर हुंगला. साबणाचा वास.

"टापटीप माणूस," बाईंचे यजमान म्हणाले.

"तो? अंगातून काढलं की जमिनीवर," मालकीण म्हणाली.

"आमच्याकडेही तेच," बाई म्हणाल्या.

कपडे पक्षी बघायला आलेल्या पाहुण्याला सापडले होते. त्याच्यासोबत बाई आणि यजमान निघाले. मेंढ्यांचं कुरण, लाकडी फाटक, मग कड्यात कोरलेल्या पायऱ्या. यजमानांना धाप लागली.

"परवा फाटकाशी त्यांचा चष्मा पडला," पाहुणा म्हणाला. "मी शोधून देईपर्यंत जागचे हलले नाहीत. म्हणाले, याच्याशिवाय पुढची पायरी दिसत नाही."

"कपड्यांजवळ चष्मा होता?"

"नाही."

नणंद वरच्या खोलीत पाहुण्यांचे टॉवेल ठेवत होती. तीन घड्या, कड आत.

"भावाच्या मनात काही होतं?" बाईंनी विचारलं.

"आमच्यात मनातलं बोलायची पद्धत नाही."

संध्याकाळी बाईंनी मालकीण आणि नणंद, दोघींनाच स्वयंपाकघरात बसवलं. यजमान दाराशी उभे राहिले.

"पोहणारा माणूस चष्मा कपड्यांवर काढून ठेवतो," बाई म्हणाल्या.

"जीव द्यायचा असेल तर घालूनच जाईल की," यजमान म्हणाले.

"जाईल. पण कपडे काढले तर ते अंगावरचे असतील, धुतलेले नाहीत. हे कपाटातून आलेत. अंगावरच्या कपड्यांनिशी, चष्म्यासकट, तो चालत निघून गेलाय. आणि ही घडी त्याची नाही. रोज टॉवेल दुमडणारा हात घाईतही तशीच घडी घालतो." त्या नणंदेकडे वळल्या. "हो ना?"

नणंदेने वहिनीकडे पाहिलं.

"मीच म्हटलं त्याला, जायचंच असेल तर मेला म्हणून जा. टाकून गेला म्हणून लोकांनी तुला नावं ठेवलेली मला बघवली नसती, वहिनी."

"जाताना त्याने बाळाकडे बघितलं, ताई?" मालकिणीने विचारलं.

"दारापर्यंत आला होता. आत गेला नाही. बघितलं असतं तर त्याचा पाय निघाला नसता."

मालकिणीने मान हलवली, उद्या पाहुणे किती ते कोणी सांगावं तशी. बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि बाईंच्या यजमानांना म्हणाली,

"होड्यांना परत बोलवा. ती माणसं कालपासून पाण्यात आहेत."