काळ्या व्हिडिओतला आवाज

सोमवारी सकाळी सायकलींत हवा भरून झाली होती, पाण्याच्या बाटल्या दप्तरात गेल्या होत्या आणि कालव्यापर्यंत आधी कोण पोचतं यावर भावना आणि प्रितमची पैजही लागली होती. शेजारची अर्पिता पंच होती. उन्हाळ्याच्या सुट्टीतला पहिलाच सोमवार, आणि तिचा चुलतभाऊ प्रितम खास त्यासाठी हसनाबादहून त्याच्या बाबांबरोबर वडीगोद्रीला आलेला. तेवढ्यात भावनाची आई दारात आली.

"आबा तुमच्यापाशी हायेत का गं?"

आबा अंगणात नव्हते. मागच्या खोलीत नव्हते. खुंटीवरची त्यांची कापडी पिशवीही नव्हती. पावणेनऊला आईने त्यांना चहा दिला होता, तो कप तेवढा ओसरीवर पालथा घातलेला होता. फोन लावला तर नुसती रिंग वाजत राहिली. कालव्याची सहल तिथेच संपली.

आबा म्हणजे भावनाचे आजोबा, अप्पाराव. जालना एमआयडीसीत लोखंडी सळ्या करणाऱ्या मिलमध्ये त्यांनी तीस वर्षं काढली. दर सोमवारी सकाळी कामगारांच्या टेम्पोने जायचे ते शनिवारी संध्याकाळी परत यायचे. निवृत्त होऊन त्यांना बारा वर्षं झाली होती. गेल्या वर्षापासून मात्र त्यांच्या डोक्यातून गोष्टी निसटायला लागल्या. जेवून उठले की पुन्हा ताट मागायचे. आणि गेला महिनाभर ते भावनाला 'संध्या' म्हणत होते. संध्या ही भावनाची आत्या, परभणीला दिलेली. भावना 'ओ' द्यायची, हसायचीसुद्धा. पण आपलं नाव आबांच्या डोक्यातून गेलं याचं तिला फार वाईट वाटायचं. आणि हे सांगायचं तरी कुणाला?

आता ते वाईट वाटणंही मागे पडलं. बाहेर मे महिन्याचं ऊन होतं. दुपारी बारानंतर कुत्रंसुद्धा सावली सोडत नव्हतं. आबांची रक्तदाबाची गोळी तशीच डबीत होती.

भावनाचे बाबा, सुमित, आणि प्रितमचे बाबा, राजरत्न काका, यांनी हायवेवरची चौफुली पालथी घातली. बसस्टँड बघितलं. दहाला दहा कमी असताना दोघंही घामाघूम होऊन परत आले, आणि त्याच वेळी घरातले सगळे फोन एकदम वाजले. कुटुंबाच्या ग्रुपवर आबांचा मेसेज होता! आबांनी बोलायला बटण दाबून धरलं असावं, पण गेला होता तो व्हिडिओ, तोही काळाकुट्ट. बोट कॅमेऱ्यावरच आलेलं. एक मिनिटभर नुसती धडधड आणि मधून मधून खट् असा आवाज, बस्स. परत फोन लावला तर आता तो बंद.

काकांनी फोन कानाला लावून ऐकलं आणि निकाल दिला. "मशीन चालू हाय. मिलच हाय ही. आबा जालन्याला पोचलेत."

सगळ्यांना ते लगेच पटलं. आबांची मिल या घरात सगळ्यांनी इतक्या वेळा ऐकली होती, की कुठलाही खडखडाट झाला तरी त्यांना ती मिलच वाटली असती. एकट्या भावनाला ते पटेना. पावणेनऊला चहा प्यालेला माणूस दहाच्या आत जालन्याच्या एमआयडीसीत कसा पोचेल? नुसत्या बसलाच दीड तास लागतो. तिने बाबांना हे सांगितलं, पण बाबांनी जीप चालू केली होती. कुणीतरी मोटारसायकलवर नेलं असेल, असं म्हणून ते काकांबरोबर गेलेही. आई अर्पिताच्या आईला घेऊन अंबडला निघाली, सरकारी दवाखान्यात आणि पोलीस ठाण्यात विचारायला. जाताना तिने बजावलं, की घर मोकळं सोडायचं नाही, आबा आले तर दारात कुणीतरी पाहिजे.

तिघं मुलं आणि एक घर. घड्याळाची टकटक कधी नव्हे ती ऐकू यायला लागली.

"काय करून राह्यली?" भावना कॉम्प्युटरसमोर बसलेली पाहून प्रितमने विचारलं.

आई शाळेत शिक्षिका होती आणि धड्यांचे व्हिडिओ याच कॉम्प्युटरवर बनवायची. तिचा व्हॉट्सॲपही त्यावर उघडा असायचा. भावनाने आबांचा व्हिडिओ त्यावर उतरवून घेतला. मोठ्या स्पीकरवर नीट ऐकावा, एवढाच तिचा विचार होता. फाइल उतरली आणि पाचच मिनिटांत ग्रुपवर ओळ आली, की ॲडमिनने तो मेसेज डिलीट केला आहे. ॲडमिन म्हणजे राजरत्न काका. ग्रुप स्वच्छ ठेवायची त्यांना भारी हौस. शुभ सकाळची फुलं सोडून बाकी सगळा त्यांच्या लेखी कचरा. चालत्या जीपमधून त्यांनी तेवढी झाडलोट करून घेतली होती.

आता त्या आवाजाची एवढी एकच प्रत उरली होती.

तिने हेडफोन लावला. धडधड, खट्. धडधड, खट्. आणि त्यामागे अगदी बारीक काहीतरी वाजत होतं. छुम छुम छुम. तिने हेडफोन प्रितमच्या कानाला लावला, मग अर्पिताच्या. अर्पिता तिघांत लहान, पण कान तिचे सगळ्यात तिखट.

"घुंगरं हायेत," अर्पिता म्हणाली. "रसवंतीची. उसाच्या चरकाला बांधतेत ती."

मिलमध्ये कशाला कोण घुंगरं बांधेल? पुन्हा ऐकताना आबांचा आवाजही लागला, इंजिनाखाली दबलेला: "...आला न्हाई अजून..." पुढचं एका ट्रकच्या हॉर्नने गिळलं होतं. म्हणजे आबा जवळपासच होते! पण हायवेच्या कडेने रसवंत्या काय एक-दोन होत्या? दर पन्नास पावलांवर हिरवी कनात. आवाज बरोबर घेऊन प्रत्येक ठिकाणी ताडून बघायला हवा होता. कॉम्प्युटर काही सायकलला बांधता येत नव्हता, आणि घरात मागे राहिलेला फोन होता तो बटणांचा. त्यावर असले व्हिडिओ चालत नसत. गाणी मात्र अशी वाजत, की गल्ली उठून बसावी.

"मंग नुसता आवाज काढून घेऊ," भावना म्हणाली.

हे काम तिला येत होतं. गॅदरिंगच्या नाचाची गाणी ती अशीच व्हिडिओतून काढायची. तिने नारिंगी शंकूचं चिन्ह असलेला प्लेअर उघडला, 'कन्व्हर्ट'वर गेली, व्हिडिओ निवडला आणि खालच्या यादीतून एमपीथ्री आवाजाचा पर्याय घेतला. प्रितम मागे उभा राहून जल्दी कर, जल्दी कर म्हणत होता. नवं नाव कशाला, आहे तेच दे आणि मोकळी हो, असा त्याचा सल्ला.

भावनाचा हात थांबला. मागच्या वर्षी तिने नेमकं तेच केलं होतं. जुन्याच नावावर नवी फाइल ठेवली आणि आईचा वीस मिनिटांचा धडा पुसून गेला. आईने तो रात्री जागून परत केला, रागावली नाही, पण भावनाला ते रागावण्यापेक्षा जास्त लागलं होतं. तिने नवं नाव लिहिलं, 'आबा सोमवार', आणि फाइल वेगळ्या फोल्डरात ठेवली. बटण दाबलं. हिरवी पट्टी सरकत गेली.

फाइल वाजवली, तर आवाजच नाही. प्रितमचा चेहरा उतरला. भावनाने पुन्हा सगळं तपासलं. यादीतली एक ओळ चुकली होती, एमपीथ्रीच्या शेजारचीच दाबली गेली होती. मूळ फाइल शाबूत होती म्हणून निभावलं. दुसऱ्या खेपेला छुम छुम आणि खट् दोन्ही स्पष्ट वाजले. वायर जोडून तिने फाइल बटणांच्या फोनमध्ये घातली.

अर्पिता घरी थांबली. आबा आले तर घरात घ्यायचं आणि सगळं ग्रुपवर कळवायचं, हे तिचं काम. तिने कॉम्प्युटरवरून लगेच लिहिलंही, की आवाज मिलचा नाही, रसवंतीचा आहे. त्यावर काकांचं उत्तर आलं: पोरांनो, कामाच्या वेळी फालतू मेसेज टाकू नका.

ऊन डोक्यावर आलं होतं. पहिल्या रसवंतीत सिनेमाची गाणी चालू होती. आबांच्या आवाजात गाणी नव्हती. दुसरीत घुंगरंच नव्हती. तिसरीत रसवंतीवाले भिवामामा ऊस सोलत बसले होते. भावनाने सगळं भराभर सांगितलं आणि फोन त्यांच्यापुढे धरला. भिवामामांनी कोयता खाली ठेवला, डोळे मिटले आणि आवाज दोनदा वाजवायला लावला.

"ह्यो माझा चरक न्हाई," ते म्हणाले. "माझा मोटारीवर चालतो. ही धडधड डिझेल इंजिनाची हाय. आन् फेरीला एकदा खट् होतंय, ते ऐकलं? चाकाचा एक दात तुटलाय. शिवकन्याचा चरक हाय ह्यो. दात बसवून घे, दात बसवून घे म्हणून राह्यलो तिला पंधरा दिवसांपासून."

"कुठं असती ही शिवकन्या?"

"जुन्या रोडला. बंद पडलेल्या वजनकाट्यापाशी."

हायवे चौपदरी झाला तेव्हा जुना रस्ता बाजूला पडला होता. तिकडे आता शेतातले ट्रॅक्टर आणि एखाददुसरा ट्रक सोडला तर कुणी फिरकत नसे. दोघांनी सायकली हाणल्या. भावना सारखे कान देत होती. आता ऐकू येईल, आता ऐकू येईल. पण वजनकाट्याजवळ पोचले तरी छुम नाही की खट् नाही. चरकावर ताडपत्री टाकलेली होती आणि इंजिन गप्प होतं.

काट्याच्या लोखंडी फळीवर आबांची कापडी पिशवी होती. आत फडक्यात दोन भाकरी, कांदा आणि मिलचं जुनं ओळखपत्र. आबा मात्र नव्हते.

"आबा!" भावना ओरडली. हाक शेतात विरून गेली. प्रितमने हातातली बाटली घट्ट धरली होती. त्याला रडू येत होतं आणि ते त्याला दाखवायचं नव्हतं.

इतक्यात डिझेलचा कॅन घेऊन एक बाई लगबगीने आली. तीच शिवकन्या. तिने ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. ते बाबा सकाळपासून इथे बसलेले तिने पाहिले होते, पाणीही दिलं होतं. टेम्पो येणार आहे म्हणाले, म्हणून तिला काही वावगं वाटलं नाही. डिझेल संपलं तशी ती तासाभरापूर्वी गेली.

"तवा सावली इकडं होती," ती म्हणाली आणि थांबली. "आता ती मागं गेली की गं."

तिघं काट्याच्या खोलीमागे धावले. भिंतीला टेकून आबा बसले होते. मान छातीवर, चेहरा लाल, ओठ कोरडे. शिवकन्याने पदर ओला करून त्यांच्या डोक्यावर धरला. भावनाने घोटघोट पाणी पाजलं. प्रितमने बटणांच्या फोनवरून काकूला, म्हणजे भावनाच्या आईला, सगळं सांगितलं, आणि या वेळी कुणी त्याला फालतू म्हटलं नाही.

बऱ्याच वेळाने आबांनी डोळे उघडले. "टेम्पो गेला का?"

आता कुठली मिल आन् कुठला टेम्पो, असं प्रितम सांगणारच होता. भावनाने त्याचा हात दाबला.

"आज मिलला सुट्टी हाय, आबा. टेम्पो यायचाच न्हाई."

आबांचे खांदे सैल झाले. सकाळपासून वाट बघून दमलेला माणूस तो. "मंग घरी जाऊ," ते म्हणाले. "चल, संध्या."

"ओ," भावना म्हणाली आणि त्यांची पिशवी खांद्याला लावली.

अंबडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि सांगितलं, की आणखी तासभर उशीर झाला असता तर अवघड होतं. संध्याकाळी आबा घरी आले, खाटेवर पडले आणि गाढ झोपले. बाबा ओसरीत खाली मान घालून बसले होते. टेम्पो पूर्वी त्या वजनकाट्यापाशीच थांबायचा. लहानपणी दर सोमवारी ते स्वतः आबांना तिथवर सोडायला जायचे.

"आन् शोधत बसलो नव्या चौफुलीवर," ते म्हणाले. "विसरभोळे आबा हायेत म्हणतो आपण. त्यांच्या बराबर ध्यानात होतं. विसरलो मी." त्यांनी भावनाला जवळ घेतलं. "तू सकाळीच सांगत होतीस. मी थांबून ऐकायला पाहिजे होतं, बाळा."

आईने अर्पिताच्या कानांचं आणि प्रितमच्या पायांचं कौतुक केलं. प्रितम नको नको म्हणत सगळं ऐकून घेत होता. राजरत्न काका बराच वेळ फोनशी चाळा करत होते. मग ग्रुपवर ओळ उमटली. काकांनी आईचा नंबर ॲडमिन केला होता आणि खाली लिहिलं होतं: हे भावनासाठी. आजपासून कचरा कोणता ते ती ठरवील.

अंधार पडायच्या सुमारास आई कॉम्प्युटरवर बसली. 'आबा सोमवार' तिने अजून नीट ऐकलं नव्हतं. ट्रकच्या हॉर्नखाली काय गेलं ते तिला बघायचं होतं. तिने आवाजाच्या पट्ट्या एकेक करून खालीवर केल्या; इंजिनाची धडधड दबली, हॉर्न बारीक झाला. मग ती एकदम थांबली आणि तिने हेडफोन भावनाच्या कानाला लावला.

"...टेम्पो आला न्हाई अजून. भावनाला सांगा, शनिवारी येतो म्हणावं. येताना खाऊ आणतो. भावना वाट बघंल."

भावनाने ते तीनदा ऐकलं. डोळे पुसायला तिने फ्रॉकची बाहीच वापरली. बाहेर खाटेची करकर झाली आणि आबांची हाक आली.

"संध्या, पाणी दे गं."

"आणते, आबा," भावना म्हणाली आणि तांब्या भरून घेऊन गेली.