दुपट्ट्याखालचे दोन डबे

जामसांवलीच्या मारुतीचा प्रसाद एका हातात आणि मोटरसायकलची किल्ली दुसऱ्या हातात, असा एक तरुण त्या शनिवारी सौसरच्या ‘मनोहर साऊंड सर्व्हिस’मध्ये शिरला आणि म्हणाला, “नेटची केबल पाहिजे होती. चांगल्यातली.”

दुरुस्तीच्या टेबलापाशी बसलेल्या प्रणालीने मान वर केली नाही. समोर एका भजनी मंडळाचा अॅम्प्लिफायर पोट उघडून पडला होता. “कॅमेरे लावून राहिले का घरी?”

“नाही. गाणे ऐकाचे आहेत.”

आता मात्र मान वर झाली. कपाळावर शेंदूर, अंगात जाड स्वेटर, आणि डोळे... बरे होते. चांगले म्हणायलाही हरकत नव्हती.

“गाणे ऐकाले नेटची केबल?”

“म्युझिक सर्व्हर आणला नागपूरहून. दहा दिवसांच्या ट्रायलवर. सगळे गाणे त्याच्यातच राहते. घरच्या नेटवर जोडलं का मोबाईलवरून लावाचं अन् ऐकाचं.”

“केवढ्याले?”

त्याने आधी इकडेतिकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, “सव्वातीन लाख.”

प्रणालीच्या अंबाड्यात खोचलेला टेस्टर खाली पडला. तिला हसायचं नव्हतं, पण हसू आलंच, आणि गंमत म्हणजे तोही हसला. तो पांढुर्ण्याचा अंकुर. पुण्यात सहा वर्षं कॉम्प्युटरसमोर बसून कंटाळला आणि घरच्या संत्र्यांच्या बगीच्यात परत आला. गाण्यांचा तेवढा नाद सोबत घेऊन आला.

प्रणालीने खालच्या खणातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. आत तळहाताएवढा कॉम्प्युटर, बाहेर दोन भोकं आणि एक हिरवा दिवा. “हा बी तेच करते. साडेसहा हजारात. मी बनवला.”

“पण आवाजात फरक पडते ना.”

“काहून पडन? गाणं म्हंजे शेवटी आकडेच. ह्या डब्यातून आले का त्या डब्यातून, आकडे तेच. तुम्ही कानानं नाही, डोळ्यानं ऐकून राहिले.”

हे तिने जरा तिखटच म्हटलं, आणि त्याला कारण होतं. दुकानात आता दुरुस्तीला भोंगे कमी येत. वडील मनोहरजींनी सांगून टाकलं होतं, संक्रांतीपर्यंत पाहू, नाही तर हे टेबल काढून मोबाईलच्या कव्हरचा काउंटर लावू. छिंदवाड्याहून डिप्लोमा घेऊन आलेल्या पोरीने कव्हरं विकायची, हा विचारच तिला सोसत नव्हता. तिने असे तीन डबे बनवून ठेवले होते. एकही गेला नव्हता. लोक हातात घेत, वाजवून पाहत आणि म्हणत, बिस्किटाचाच डबा आहे ना शेवटी.

रविवारी अंकुर परत आला. केबल तोकडी पडली होती. सोमवारी ती जास्त लांब झाली. मंगळवारी कशासाठी आला ते त्यालाही नीट सांगता येईना. संत्र्यांची पिशवी काउंटरवर ठेवून तो नुसताच उभा राहिला.

“तुमच्या सर्व्हरले संत्रे लागते का?” प्रणालीने विचारलं.

“नाही... तुमच्या डब्याले चालत असन तर पाहा.”

त्याच दिवशी ठरलं. गुरुवारी त्याने सर्व्हर घेऊन यायचा आणि दोन्ही डब्यांची परीक्षा करायची.

गुरुवारी प्रणालीने दोन्ही डबे एकाच अॅम्प्लिफायरला जोडले. आवाज मीटर लावून अगदी सारखा केला, कारण जरा मोठा वाजणारा डबा नेहमीच गोड वाटतो, हे तिला धंद्याने शिकवलं होतं. मग गळ्यातला निळा दुपट्टा काढून सगळ्यावर पसरला आणि हात आत घालून बटण धरलं. सारंगीचा एकच तुकडा दहा वेळा वाजणार. कोणता डबा वाजतो ते अंकुरने समोरच्या स्टुलावर बसून सांगायचं.

“आमच्या बाबांच्या बैलबाजारासारखं झालं हे,” अंकुर म्हणाला. “रुमालाखाली हात घालाचा, बोटं धरून भाव सांगाचा. आजूबाजूच्याले काही कळत नाही.”

“अन् सौदा पटला का नाही ते कसं कळते?”

“हात सोडला म्हंजे मोडला. धरून ठेवला म्हंजे पक्का.”

सारंगी वाजू लागली. आपला डबा लावला की प्रणाली सूर न् सूर कान देऊन ऐके. अंकुर डोळे मिटतसुद्धा नव्हता. टक लावून समोर बघत तो सांगत गेला... “हा सर्व्हर. हा तुमचा. हा बी तुमचा. हा सर्व्हर.”

दहापैकी दहा बरोबर.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. परीक्षा तिची, मीटर तिचा, दुपट्टा तिचा, आणि पडला तोही तिचाच डबा. तिला रडू येत होतं, पण खोटं बोलायची सवय नव्हती.

“घेऊन टाका तो सर्व्हर,” ती वायर गुंडाळत म्हणाली. “फरक आहे. मले ऐकू येत नाही, तुम्हाले येते. माहीच चूक झाली.”

अंकुर काहीतरी बोलायला गेला... मग खोकं उचलून निघून गेला.

रात्री जेवताना तिने वडिलांना सांगितलं, “बाबा, संक्रांतीची वाट नका पाहू. लावून टाका काउंटर.” मनोहरजींनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. तिला डब्याचं वाईट वाटत होतंच. पण आता केबल तोकडी पडायची नाही, याचं त्याहून जास्त वाटत होतं, आणि हे मात्र कोणाला सांगण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडतं न उघडतं तोच मोटरसायकल दारात. मागे तेच खोकं बांधलेलं.

“पुन्हा परीक्षा घ्याची आहे,” अंकुर म्हणाला.

“जखमेवर मीठ टाकाले आले का?”

“आज मी भिताडाकडे तोंड करून बसतो. अन् तुम्ही बी माह्या बाजूले बसा. बटण काकाजी दाबतीन.”

मनोहरजींनी एकदा पोरीकडे पाहिलं, एकदा पोराकडे पाहिलं आणि मुकाट्याने दुपट्ट्याखाली हात घातला. दोघं बाकावर शेजारी शेजारी बसले, समोर नुसती चुन्याची भिंत. सारंगी सुरू झाली. अंकुरने डोळे घट्ट मिटले, कपाळाला आठ्या घातल्या. “हा सर्व्हर... नाही, तुमचा. हा... सर्व्हर असन.” तोही अडखळत होता आणि तीही मनातल्या मनात अडखळत होती.

मनोहरजींनी कागदावर केलेल्या खुणा मोजून सांगितलं, “दहापैकी चार.”

“चार?” प्रणाली उठून उभी राहिली. “काल दहा होते.”

“मी चहा सांगून येतो,” मनोहरजी म्हणाले आणि चपला घालून बाहेर पडले.

अंकुर अजून भिंतीकडेच बघत होता. “काल मी सर्व्हर ऐकून नव्हतो राहिलो. तुमच्याकडे पाहून राहिलो होतो. तुमचा डबा वाजला का तुम्ही श्वास रोखून धरता... सर्व्हर वाजला का सोडता. दहाच्या दहा वेळा.”

प्रणालीचा श्वास आत्ताही अडकला होता, आणि ते तिच्या लक्षात आल्यावर ती लाजली.

“पाहाच्या नादात बरोबर सांगत गेलो,” तो पुढे म्हणाला. “तुम्ही म्हणाल्या माही चूक झाली, तेव्हाच खरं सांगाचं होतं. पण मग हेबी सांगा लागलं असतं का मी काय पाहत होतो. हिंमत नाही झाली. रातभर झोप नाही आली.”

“मग सर्व्हर?”

“वापस. दिसते सुंदर, काम बी एकदम सफाईदार. कोणाले तेवढ्यासाठी घ्याचा असन तर घ्यावा. पण कानाले सव्वातीन लाखाचं काही नाही भेटत त्याच्यात.” तो उठून काउंटरपाशी आला. “मले तुमचा डबा पाहिजे. अन् पांढुर्ण्यातल्या माह्या दोन दोस्ताले बी. भाव सांगा.”

प्रणालीने दुपट्ट्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. “असा उघड्यावर नाही सांगत. बैलबाजाराची रीत आहे ना तुमची?” असं म्हणून तिने दुपट्ट्याखाली हात घातला.

अंकुरने दोन्ही तळहात स्वेटरला पुसले. मग त्याचाही हात आत गेला, आधी पत्र्याच्या डब्यावर आपटला, मग सापडला. तिने एक बोट पुढे केलं. त्याने ते धरलं, मग दुसरं, तिसरं... आणि मग सगळा हातच.

“हा कोणता भाव झाला?” तिने अगदी हळू विचारलं.

“हा डब्याचा नाही.”

दारात पावलं वाजली. चहाचे तीन ग्लास सांभाळत मनोहरजी उंबऱ्यावरच थांबले. “काय गं, जमला का सौदा?”

“जमला, बाबा,” प्रणाली म्हणाली, आणि हात तसाच राहू दिला.